माणूस बसण्याआधी इंजिन उडू द्या

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात टू-स्ट्रोक इंजिन उघडून बसलेला एखादा मिस्त्री सापडतोच. टेंभुर्णी-माहोरा पट्ट्यात कपाशी-सोयाबीनवर पेट्रोलच्या पॉवर पंपाने फवारणी होते, शेडनेटमधल्या भाजीपाला बीजोत्पादनाच्या कडेचे गवत ब्रश कटरने निघते आणि बांधावरची बाभूळ चेनसॉने आडवी होते. तिन्ही यंत्रांच्या पोटातले इंजिन एकाच जातीचे: एक सिलिंडर, पेट्रोलमध्येच मिसळलेले टू-टी ऑइल आणि सुरू करायला रस्सी. टू-स्ट्रोक चेतक गेली, नगरला बनणारी पेट्रोलची लुना गेली, पण त्या गाड्यांनी घडवलेली कारागिरी गेली नाही. ती शेतीच्या यंत्रांकडे वळली. प्लग काढून त्याच्या रंगावरून पेट्रोल जास्त जातेय की कमी, हे सांगणारी माणसे आजही आहेत. इंजिनांचा शेवट मात्र ठरलेला असतो. पिस्टनला ओरखडे पडले, चेन फिरवणारा भाग झिजला, की दुरुस्तीपेक्षा नवे चिनी यंत्र परवडते आणि जुने भंगारात जाते. माझे म्हणणे असे, की यातली काही इंजिने भंगारवाल्याऐवजी तालुक्याच्या आयटीआयमध्ये जावीत आणि तिथे त्यांच्या जोरावर दोन-सव्वादोन मीटर पंखांची, रिमोटवर चालणारी मॉडेल विमाने उडावीत. ऐकायला ही हौस वाटेल. पण आपल्या तांत्रिक शिक्षणातून पुरता गाळलेला एक टप्पा यात आहे, आणि तो गाळल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे.

चेनसॉचे इंजिन विमानाला लावण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत आणि युरोपात मोठी मॉडेल विमाने बनवणारे लोक 1970 च्या दशकापासून लाकूड आणि गवत कापण्याच्या यंत्रांची इंजिने वापरत आले आहेत. फ्रान्समध्ये मिशेल कोलोंबाँ यांचे क्री-क्री हे एका माणसाचे, दोन इंजिनांचे चिमुकले विमान 1973 मध्ये उडाले; त्याची एक आवृत्ती चेनसॉवरून बदललेल्या इंजिनांचीच होती. याची कारणे यंत्राच्या रचनेतच आहेत. लाकूडतोड्या चेनसॉ आडवा, उभा, उलटा कसाही धरतो आणि इंजिन बंद पडून चालत नाही. म्हणून त्यात मोटारसायकलसारखा फ्लोटचा कार्ब्युरेटर नसतो, पातळ पडद्यावर चालणारा असतो. टाकी डोक्यावर गेली तरी पेट्रोल येत राहते. गिरक्या घेणाऱ्या विमानाला नेमके हेच हवे. शिवाय यंत्र दिवसभर हातात पेलायचे, म्हणून चांगल्या चेनसॉचा क्रँककेस हलक्या मॅग्नेशियम मिश्रधातूचा असतो. लुनाएवढ्याच 50 सीसीचे हे इंजिन सुमारे तीन अश्वशक्ती देते आणि अंगावरचा पसारा उतरवला की दोन-अडीच किलोंवर येते. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानातले इंजिन बारा अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन होते 82 किलोंच्या आसपास. आज तेवढी ताकद चार चेनसॉ इंजिनांतून दहा किलोंत निघते.

बदल करायचा म्हणजे आधी बरेच काही काढून टाकायचे. चेनचा बार, तेलाचा छोटा पंप, क्लच, रस्सीचा स्टार्टर, प्लास्टिकचे कवच, सगळे उतरते. फ्लायव्हीलवर थंड हवा फेकणारी पाती असतात. विमानात ते काम पुढचा पंखाच करतो, म्हणून ती पाती लेथवर उतरवून चाक पुन्हा तोलायचे किंवा चाकच काढून बॅटरीवरचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे. मग क्रँकच्या निमुळत्या टोकावर पंख्यासाठी हब तयार करायचा. खरी परीक्षा इथे आहे. हब केसभर जरी तिरका बसला तरी लाकडी पंखा थरथरतो, ती थरथर इंजिनाच्या बैठकीत, तिथून विमानाच्या सांगाड्यात आणि रेडिओच्या तारांपर्यंत जाते आणि पाचव्या-सहाव्या उड्डाणात एखादा सोल्डर सुटतो. इंजिन निवडतानाही डोके लागते. गवत कापण्याच्या काही स्वस्त यंत्रांत क्रँकला एकाच बाजूने बेअरिंगचा आधार असतो. चेनसॉत तो दोन्ही बाजूंनी असतो, म्हणून पंख्याची ओढ तो चांगली सोसतो. पंखा क्रँकच्या कोणत्या टोकाला बसवला यावर त्याच्या फिरण्याची दिशा ठरते आणि दिशेप्रमाणे पंख्याचा पीळ निवडावा लागतो. टर्नर, फिटर, वेल्डर, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन या पाच ट्रेडची मुले आज आयटीआयच्या एकाच आवारात वेगवेगळ्या शेडमध्ये वेगवेगळे जॉब करतात. त्यांना एका टेबलाभोवती आणणारे याहून चांगले काम मला माहीत नाही. फायलीत जाणाऱ्या जॉबचे मोजमाप निदेशकांच्या सहीवर संपते, या हबची तपासणी मात्र हवा करते.

गणित तर यात जागोजागी आहे आणि ते खडूचे नाही. मोकळा सोडलेला चेनसॉ मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याला 22 इंचांचा पंखा लावून तसाच फिरवला तर पंख्याचे टोक ध्वनीच्या वेगाच्या पुढे जाईल. कानठळ्या बसतील, ताकद वाया जाईल आणि लाकूड फाटायचा धोका वेगळाच. म्हणून पंखा असा निवडायचा, की त्याच्या भाराने इंजिन सात हजारांच्या आसपासच राहील. त्या फेऱ्यांनाही टोकाचा वेग ताशी 735 किलोमीटरच्या घरात जातो. परीघ काढायला सहावी-सातवीचे गणित पुरते, पण आपल्या हाताने लावलेला पंखा या वेगाने फिरणार आहे हे कळल्यावर मुलगा नट पुन्हा आवळून पाहतो.

इथे फुलसावंगीचा विषय काढणे भाग आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात वेल्डिंगचे काम करणाऱ्या 24 वर्षांच्या एका तरुणाने मारुती 800 चे इंजिन लावून एका माणसाचे हेलिकॉप्टर बनवले. ऑगस्ट 2021 मध्ये जमिनीवर चाचणी चालू असताना पाते तुटले, त्याच्या डोक्याला लागले आणि तो गेला. त्यानंतरच्या चर्चेत दोनच सूर होते. एक कौतुकाचा: कुठलेही शिक्षण नसताना केवढी झेप! दुसरा उपदेशाचा: अशा उद्योगांवर बंदी घाला. दोन्ही सुरांना एक प्रश्न पडला नाही. या तरुणाच्या कारागिरीला पहिल्या पायरीवर उभे करणारी जागा त्याच्या तालुक्यात कोणती होती? ज्याला पत्रा वाकवता येतो, जोड देता येतो, इंजिन उतरवता येते, त्याच्यापुढे गॅरेजपासून थेट माणसाच्या उड्डाणापर्यंत मधली एकही पायरी नव्हती. फिरत्या पात्याच्या रेषेत कधीही उभे राहायचे नाही, पात्यावर नखाएवढी चीर दिसली तरी ते फेकून द्यायचे, इंजिन बंद करण्याची कळ हातातल्या रेडिओवर स्वतंत्र ठेवायची, पहिली चाचणी लांबून करायची, हे मोठ्या मॉडेल विमानाच्या पहिल्या आठवड्याचे नियम आहेत. तिथे चूक झाली तर आठ किलो प्लायवुड आणि फोम मातीत जातो. स्वतः राइट बंधूंनीही 1900 मध्ये पतंगासारखे दोरीने बांधलेले यंत्र उडवून पाहिले, पुढची दोन वर्षे इंजिनाविना तरंगले, लाकडी पेटीत हवेचा झोत सोडून पंखांचे दीड-दोनशे नमुने तपासले आणि मग इंजिनाला हात घातला. सायकलच्या दुकानातल्या माणसांनी विमान केले, एवढीच गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि त्यातली ही तीन वर्षे गाळतो.

यावर जाणकार एक रास्त हरकत घेतील, की छोटे उडाले म्हणून मोठे उडत नाही. अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले विमान मे 1896 मध्ये पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. त्याच धर्तीवर केलेले माणसाचे विमान 1903 च्या ऑक्टोबरात आणि डिसेंबरात दोनदा पाण्यात कोसळले. आकार दुप्पट केला की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. हरकत खरी आहे, आणि म्हणूनच ती माझ्या बाजूची आहे. हे गणित मुलाने दीड मीटरच्या आणि मग सव्वादोन मीटरच्या विमानावर स्वतः पाहिले, की मारुतीचे इंजिन घेऊन स्वतः त्यात बसण्याआधी तो थांबेल. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधले, 2016 च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांपुढे आले आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. पण ते व्यवसायाने वैमानिक आहेत आणि त्यामागे वर्षानुवर्षांचे काम होते. त्यांच्या छायाचित्राशेजारी खेड्यातल्या प्रत्येक धडपड्याचे छायाचित्र छापून ‘दुसरा अमोल’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवले की नाही, यावर मराठीत जेवढी शाई खर्च झाली, तिच्या शतांशानेही कुणी या मधल्या पायरीबद्दल लिहिलेले नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या वादात दिला जातो, त्यातली विमाने उडू शकत नाहीत, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच दाखवून दिले. तरी वाद चालूच आहे. वादाला लेथ लागत नाही.

दुसरी हरकत आजच्या काळाची. जग बॅटरीकडे चालले आहे, मग धूर सोडणारे टू-स्ट्रोक मुलांच्या हाती कशाला? दोन-तीन किलोंच्या विमानाला विजेची मोटर निर्विवाद चांगली आणि सुरुवात तिच्यापासूनच करावी. पण वजन आणि वेळ वाढली की हिशेब फिरतो. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12 युनिट ऊर्जा असते. एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिटही नसते. छोटे इंजिन त्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा कामी आणते, हे धरूनही पेट्रोल दसपटीने पुढे राहते. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना जो फवारणीचा संच देण्याचे ठरले, त्यात मूळ बॅटरीखेरीज आणखी चार बॅटरी संच आहेत, ते याच कारणाने. चेनसॉचे इंजिन लावून उद्या कपाशीवर फवारणी होईल, असा दावा मी करत नाही. स्थिर पंखांचे विमान शेडनेटच्या आणि विजेच्या तारांच्या मधून फवारायला कामाचे नाही. पण तासन् तास हवेत राहणारी मानवरहित विमाने जगभर अजून इंधनावर चालतात आणि त्यांची छोटी इंजिने हा आपला जुना अशक्त भाग आहे. संरक्षण संशोधन संस्थेचे ‘निशांत’ हे मानवरहित विमान सुरुवातीला आयात इंजिनावर उडत असे. बेंगळुरूच्या दोन संस्था आणि नगरची व्हीआरडीई, म्हणजे लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था, यांनी मिळून 55 अश्वशक्तीचे देशी वँकेल (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचे) इंजिन बनवले आणि मार्च 2009 मध्ये कोलारजवळ ‘निशांत’ त्यावर उडाले. अशा कामाला पुढच्या पिढीत जे हात लागणार आहेत, ते छोट्या इंजिनाची थरथर, उष्णता आणि मिश्रण कुठेतरी आधी शिकून आलेले असले पाहिजेत. अभियांत्रिकीची मुले ‘बाहा’ स्पर्धेत शेतीच्या-बागेच्या कामाचे दहा अश्वशक्तीचे इंजिन घेऊन गाड्या बनवत आली आहेत आणि त्याला कुणी मागासलेले म्हणत नाही.

पेट्रोलच्या बाजूने आपल्याकडे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. मॉडेल विमानांची पारंपरिक छोटी इंजिने मिथेनॉलवर चालतात. त्यात एरंडेल मिसळतात, आणि एरंडी पिकवण्यात भारत जगात पहिला आहे. पण मिथेनॉल विषारी, त्याच्या विक्रीवर नियंत्रण आणि तालुक्याच्या गावी ते मिळण्याची सोय नाही. पेट्रोल पंप मात्र चौकात आहे. त्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या कार्ब्युरेटरचे पडदे व रबरी नळ्या बिघडवते, ही अडचण खरीच. फवारणी पंप वापरणारे शेतकरीही तिला तोंड देत आहेत. म्हणजे विमानासाठी आयटीआयमध्ये यावर जो तोडगा निघेल, कोणती नळी टिकते, टाकी किती दिवसांनी रिकामी करायची, तो दुसऱ्याच दिवशी टेंभुर्णीच्या शिवारात लागू पडेल.

तिसरी हरकत धोक्याची आणि कायद्याची. तीन अश्वशक्तीचा पंखा बोटे तोडू शकतो, यात शंका नाही. पण आयटीआयमधल्या लेथचा चक, ग्राइंडरचे चाक आणि वेल्डिंगचा आर्क हेही तोडतात, जाळतात. म्हणून आपण ते शिकवणे सोडले नाही, शिस्तीने शिकवतो. कायदा तर या कामाला अनेकांना वाटतो त्यापेक्षा बराच अनुकूल आहे. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 25 किलोंपर्यंतचे, शिक्षणासाठी वा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे विमान हे ‘मॉडेल’ ठरते आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. 50 सीसीचे विमान सात ते नऊ किलोंचे असते. नोंदणी आणि दोन किलोंवरच्या विमानासाठी चालकाचे प्रमाणपत्र या अटी राहतात. पण सरकारी किंवा सरकारमान्य शिक्षणसंस्थेने संशोधनासाठी हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात, स्वतःच्या आवारात वा ताब्यातल्या मोकळ्या जागेत उड्डाण केले, तर याही अटींतून सूट आहे. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा 400 फूट. विमानतळाच्या बारा किलोमीटरच्या वर्तुळात नियम कडक होतात, आणि जाफराबाद चिकलठाण्याच्या विमानतळापासून त्याहून कितीतरी लांब आहे. उडवण्यापूर्वी सरकारी नकाशा पाहावा लागेल, एवढेच. म्हणजे जो मिस्त्री एकटा गॅरेजमागे हे करेल तो नियमांच्या कचाट्यात सापडेल, आणि तेच काम आयटीआय करेल तर तिला दार उघडे आहे. विमान गॅरेजऐवजी संस्थेत बांधले जावे, असे कायदाच सुचवतो आहे.

गैरवापराची भीतीही बोलून टाकलेली बरी. जानेवारी 2018 मध्ये सीरियातल्या रशियन तळांवर छोट्या पेट्रोल इंजिनांची 13 घरगुती विमाने सोडली गेली; त्यानंतरच्या युद्धांत असे प्रकार शेकड्यांनी वाढले. ज्याला असे काही करायचे आहे त्याला आयटीआयच्या निदेशकाची गरज नसते, बाजारातून तयार इंजिन मागवता येते. उलट प्रत्येक इंजिनाला क्रमांक, प्रत्येक उड्डाणाची वहीत नोंद, रेडिओ आणि बॅटरी संस्थेच्या कपाटात कुलपात, आणि पोलीस ठाण्याला आगाऊ कळवलेला उड्डाणाचा दिवस, अशा उजेडात चाललेले काम हीच सुरक्षेची चांगली व्यवस्था. जिथे कुणालाच हे ज्ञान नसते तिथे आकाशात दिसलेल्या प्रत्येक दिव्याला लोक ड्रोन समजतात आणि अफवांवर माणसांना मारहाण होते. महाराष्ट्राने अशा अफवांच्या रात्री पाहिल्या आहेत.

सगळ्यात वजनदार हरकत अग्रक्रमाची आहे. ज्या तालुक्यात पावसाने ओढ दिली की पिण्याच्या पाण्याची चिंता सुरू होते, जिथून मुले कामासाठी वाळूजला, चाकणला जातात, तिथे विमानांचा खेळ कोणाला सुचतो? पण त्या मुलांकडे पाहूनच हे सुचते आहे. वाळूजच्या कंपनीत आयटीआय झालेला मुलगा बहुतेक वेळा कंत्राटी हेल्पर म्हणून लागतो, कारण त्याच्या प्रमाणपत्रावर ट्रेडचे नाव असते, त्याने केलेल्या वस्तूचे नसते. तोललेले फ्लायव्हील, स्वतः जुळवलेले इग्निशन, मोजलेली ओढ आणि वीस उड्डाणांची नोंदवही घेऊन गेलेला मुलगा मुलाखतीत वेगळ्या रांगेत बसतो. नोकरीची हमी यात नाही. मी ती देऊ शकत नाही आणि कुणी दिली तर विश्वास ठेवू नये. जो गावातच राहील त्याच्या हाती मात्र इंजिनदुरुस्तीची वरची पायरी राहते: पंप नुसता चालू करून न देता तो किती फेरे घेतोय, किती पेट्रोल खातोय, हे मोजून देणारा मिस्त्री शेतकऱ्यालाही हवाच आहे.

खर्च अवाढव्य नाही. लेथ आणि वेल्डिंगची सोय आहे, भंगारातली इंजिने किलोच्या भावाने मिळतात. परदेशी बनावटीच्या तयार इंजिनाची किंमत नव्या चिनी चेनसॉच्या कितीतरी पट असते, तो खर्च टळतो. विकत आणायचे ते रेडिओ संच, सर्वो मोटरी, बॅटऱ्या, चांगले लाकडी पंखे, फेरे मोजायचे यंत्र आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा. उडवायला जागा खरिपाची काढणी झाल्यावर मिळते. गावापासून आणि जनावरांपासून लांबचे, मालकाच्या लेखी संमतीने संस्थेच्या ताब्यात घेतलेले माळरान त्याला पुरते. रेडिओवर विमान उडवायला शिकवणारा माणूस हा एकच भाग बाहेरून आणावा लागेल, आणि एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग अनेक वर्षांपासून शिकवले जाते, तिथे विचारता येईल. पहिल्या वर्षी फक्त इंजिन बाकावर बांधून ओढ मोजायची, दुसऱ्या वर्षी उडवायचे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी वेगळी तरतूद असते; जालन्याच्या नियोजन समितीकडे हा प्रस्ताव नेण्यासाठी एक प्राचार्य आणि टर्नर ट्रेडचा एक शिल्प निदेशक एवढी माणसे पुरेत.